खुर्चीवरच्या दहा उठाबशा

भाऊ गावाला गेला त्याच्या आठव्या दिवशी मी आमच्या यांना पाडलं.

पाडलं म्हणजे मुद्दाम नव्हे, पण शब्द तोच लागू आहे. सकाळी साडेआठची वेळ. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेताना माझ्या कंबरेने मधेच हात टेकले, यांचा उजवा पाय नेहमीसारखा जागचा हलला नाही, आणि आम्ही दोघं पलंग आणि कपाटाच्या मधल्या दोन हात जागेत हळूहळू खाली बसलो. लागलं कुणालाच नाही, पण उठताही कुणालाच येईना. मोबाइल किचनमध्ये चार्जिंगला, दाराला आतून कडी. कचरेवाली बेल वाजवून निघून गेली. मी हाका मारल्या, तर समोरच्या बंद घरातला कुत्रा भुंकला. शेवटी बसल्या जागेवरून सरकत सरकत दारापर्यंत गेले, कडी काढली आणि जिन्यातून ओरडून वॉचमनला वर बोलावलं. या सगळ्यात पाऊण तास गेला. तेवढा वेळ हे कपाटाला टेकून बसले होते आणि माझ्याकडे बघून "बरं, बरं" म्हणत होते.

यांना, म्हणजे नंदकिशोर यांना, गेल्या ऑगस्टमध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. चौतीस वर्षं एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ज्या हाताने सरळ रेघा मारल्या, तो हात आता मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. समजतं सगळं. बोलायला गेले की दोनच शब्द निघतात, "हो" आणि "बरं". राग त्यातच बसवायचा, मायाही त्यातच. लग्नाच्या बत्तीस वर्षांत यांनी माझं म्हणणं इतक्या वेळा कधी मान्य केलं नव्हतं.

भाऊ हा नर्सिंग ब्युरोने यांना सांभाळायला पाठवलेला माणूस. चिपळूणकडचा, आडव्या बांध्याचा. यांच्या काखेत हात घालून असा उचलायचा की बघणाऱ्याला वाटावं, बादली उचलतोय. डिसेंबरच्या शेवटी त्याची आई आजारी पडली म्हणून गेला आणि फोनवर नुसतं "येतो ना काकू, येतो" म्हणत राहिला. ब्युरोने त्याच्या जागी तिघे पाठवले. एक जण दिवसभर मोबाइलवर मॅच बघायचा. दुसरा माझ्या खांद्याला लागेल एवढा. तिसरा तीन मजले चढून आला, लिफ्ट नाही म्हटल्यावर दारातूनच नमस्कार करून उतरला. म्हणून मग मी.

पडल्याचं वॉचमनने सेक्रेटरींना सांगितलं, त्यांनी आमच्या निहारला फोन केला, आणि तो दुपारी बोरिवलीहून आला. बूटही न काढता बाबांच्या पलंगाशी उभा राहिला.

"आई, तू साठीला आलीस."

"सत्तावन्न."

"तेच ते. हे बघ, नेरळजवळ एक केअर सेंटर आहे. स्वरदाच्या ऑफिसमधल्या एकाचे वडील तिथेच असतात. मी जाऊन बघून आलोय. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. फेब्रुवारीअखेर एक जागा होतेय, मी सांगून ठेवलंय."

"कुणाला विचारून?"

"परत पडलात तर मी बोरिवलीहून मुलुंडला किती वेळात पोचणार? तूच सांग ना."

पोरगा चुकीचं बोलत नव्हता, हाच तर त्रास होता. त्याने सेंटरचं माहितीपत्रक फ्रिजवर लोहचुंबकाने लावलं. हिरवळ, बाकडं, बाकड्यावर हसणारे दोन आजोबा. हे पलंगावरून सगळं ऐकत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढंच त्यांना स्वतःचं स्वतः वळवता येतं.

"मला जमलं तर?" मी विचारलं.

"काय जमलं तर?"

"यांना एकटीने खुर्चीत बसवायला. तुझ्यासमोर. न पाडता."

"जमलं तर मी कशाला पाठवेन? मला काय हौस आहे?" आणि त्याचा आवाज फाटला. लहानपणी मार्क कमी पडले की फाटायचा, तसाच. "पण फेब्रुवारीअखेरपर्यंतच, आई. पुढे ते थांबणार नाहीत."

आता खरं सांगते, कारण खोटं सांगायलाही ताकद लागते. त्या दिवशी भांडी घासताना माझ्या मनात आलं, नेऊ दे. नेऊ दे आणि मला झोपू दे. दुपारी तीनपर्यंत, डायपर नाही, औषधाचा गजर नाही, घास भरवताना तोंडाच्या कडेने ओघळणारी पेज नाही. मग आतून यांचा खोकला आला आणि मी ओले हात पदराला पुसत धावले. पण विचार आला तो आला. पुढचे दोन महिने तो रोज थोडा थोडा येतच राहिला, आणि त्याची मला लाज वाटायचीही हळूहळू बंद झाली.

तर आता ताकद कमवायची होती. कुठून कमवतात हे माहीत नव्हतं. जिमला जायचं तर यांना एकटं टाकून कसं जाणार? म्हणून घरच्या घरी काय करता येईल ते मोबाइलवर शोधलं. सात मिनिटांत, एकवीस दिवसांत, तीस दिवसांत. पोटासाठी, दंडासाठी, चाळिशीनंतर, साठीनंतर. साठीनंतरवाल्या बाई परदेशातल्या, चंदेरी केसांच्या, मागे टेनिस कोर्टाएवढा हॉल. आमच्या हॉलमध्ये सोफा, शोकेस आणि चाकाची खुर्ची ठेवल्यावर हात आडवे पसरले की एक हात शोकेसला लागतो. 'अगदी नवशिक्यांसाठी, साहित्य नको' असं लिहिलेला एक व्हिडिओ निवडला. त्यातली मुलगी पहिल्या मिनिटापासून उड्या मारायला लागली. मीही मारल्या. चौथ्या मिनिटाला इंटरकॉम वाजला. खालची अक्षता, घरून काम करते.

"काकू, वर फरशी फोडताय का? मी मीटिंगमध्ये आहे."

"नाही गं. व्यायाम करतेय."

"बरं. पण जरा हळू करा ना, पंखा हलतोय."

नवशिक्यांच्या व्यायामातही जिला शिरता येत नाही ती कोण, हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं.

मग संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू आलं. बी विंगच्या शर्मिष्ठाकडे. वीस मिनिटं जाऊन येते म्हणून यांच्यापाशी अक्षताला बसवलं आणि बऱ्याच दिवसांनी नीट साडी नेसून गेले. आमच्याकडे वाण म्हणून चाळण्या, डबे, किसण्या असं काहीतरी ठरलेलं असतं. शर्मिष्ठाने या वर्षी प्रत्येकीच्या ओटीत रबरी पट्टा टाकला. व्यायामाचा, गुलाबी. वाण परत करत नाहीत, म्हणून पंचवीस बायका तिळगुळाची पुडी आणि तो पट्टा हातात घेऊन एकमेकींकडे बघत बसल्या.

"सोमवारपासून तीस दिवसांचं चॅलेंज," शर्मिष्ठा म्हणाली. "घरच्या घरी, रोज अर्धा तास. मी ग्रुपवर व्हिडिओ टाकणार, तुम्ही झाल्यावर अंगठा टाकायचा. आता सगळ्यांनी ग्रुपवर नाव, विंग आणि लेव्हल टाका. बिगिनर, मीडियम की अॅडव्हान्स. आणि जास्तीत जास्त किती वजन उचलता तेही."

मी बघत होते. एकीनेही बिगिनर टाकलं नाही. आमची बिल्डिंग तीन मजली, विनालिफ्टची, तीस-तीस वर्षं दळणाच्या पिशव्या, भाज्या, पोरं कडेवर घेऊन चढलेल्या या बायका. त्यांनी सगळ्यांदेखत, वाणाचा पट्टा हातात धरून, स्वतःला नवशिकी म्हणायचं? श्वेताने मीडियम टाकलं, तिच्या सासूबाईंनीही मीडियम टाकलं, आणि सासूबाई पंच्याहत्तरच्या आहेत. मग मीही टाकलं. कुंदा, ए विंग, मीडियम. आणि वजनापुढे लिहिलं, एकोणतीस किलो.

एकोणतीस म्हणजे भरलेला सिलिंडर. आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट होणार होणार म्हणून दहा वर्षं पाइपचा गॅस घेतलेला नाही. डिलिव्हरीवाला सिलिंडर दारात ठेवतो आणि पळतो. तिथून किचनपर्यंत मी एकटी नेते. हे नोकरीत होते तेव्हाही मीच न्यायचे. ग्रुपवर त्या आकड्याला अकरा जणींनी टाळ्या पाठवल्या, आणि कबूल करते, मला बरं वाटलं. ऑगस्टपासून माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी टाळी दिली नव्हती.

पाच दिवस केलं. यांचं अंग पुसणं, डायपर, नाश्ता, औषधं, स्वयंपाक उरकून अकरा वाजता हॉलमध्ये उभी राहायची. गुडघे कुरकुरायचे, पट्टा हातातून सुटून तोंडावर बसायचा. हे चाकाच्या खुर्चीतून बघायचे. तोपर्यंत यांना खुर्चीत घ्यायला सकाळी वॉचमनलाच वर बोलवत होते, रोज त्याला चहा देऊन. सहाव्या दिवशी तेलाचे पाच-पाच किलोचे दोन डबे जमिनीवरून उचलायचे होते. तिसऱ्यांदा वाकले आणि कंबरेत काहीतरी असं पकडलं की वर येता येईना. वाकलेल्या अवस्थेतच गॅसपाशी गेले, वाकूनच यांचा चहा केला. आडवी पडल्यावर मोबाइल घेतला आणि ग्रुपवर अंगठा टाकला. पुढचे तीन दिवसही आडवी पडूनच अंगठे टाकले.

बुधवारी प्रबुद्ध आला. प्रबुद्ध म्हणजे यांचा फिजिओथेरपिस्ट, भांडुपहून स्कूटरवर येतो, निहारहून लहान. आठवड्यातून एकदा यांचे हातपाय हलवून घेतो. इतके महिने घरात येणाऱ्या या मुलाला माझ्या अंगाबद्दल काही विचारावं असं मला सुचलं नव्हतं. तो यांच्यासाठी होता, माझ्यासाठी नव्हता. मी भिंत धरून दार उघडलं.

"काकू, काय करून बसलात?"

सगळं सांगितलं. नेरळ, फेब्रुवारी, उड्या, पट्टा, तेलाचे डबे. त्याने डायनिंगची खुर्ची ओढून भिंतीला टेकवली.

"बसा. आता हात छातीशी घ्या आणि न टेकता उठा. दुखलं तर लगेच थांबा. किती वेळा होतं बघू."

दोन वेळा झालं. तिसऱ्या वेळेला अर्धी उठले आणि परत बसले. कंबरेचं कारण सांगितलं.

"कंबर नाही काकू, मांड्या थरथरतायत तुमच्या. तुम्ही बिगिनर."

"तीस वर्षं जिना चढतेय मी."

"ऑगस्टपासून किती वेळा?"

मी हिशेब केला. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. खाली उतरायला वेळ होता कुणाला?

"मग झालं तर. अंगाला जुनी सर्व्हिस लागू होत नाही," तो म्हणाला. "काकू, लेव्हल नाव देऊन ठरत नाही. जो व्यायाम आज तुम्हाला दहा वेळा नीट जमतो आणि शेवटचे दोन जरा जड जातात, तो तुमचा. तिसऱ्यालाच धाप लागली, तर तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्याला सोडून द्या."

त्याने यांच्या औषधांच्या चिठ्ठीमागे सहा गोष्टी लिहिल्या. कंबर मोकळी होईपर्यंत नुसतं घरात चालायचं. मग खुर्चीत दोन उशा ठेवून, उंची वाढवून, त्यावरून दहा वेळा उठायचं-बसायचं. भिंतीला हात लावून दहा वेळा ढकलायचं. ओटा धरून टाचा वर. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची. आणि जिना, पण एकच मजला, दिवसातून एकदा. खुर्चीचं तेवढं रोज, बाकीचं एक दिवसाआड, मधल्या दिवशी चालणं. आठवड्याने एक उशी काढायची, पुढच्या आठवड्याला दुसरी.

मी चिठ्ठी वाचली. रडायला आलं, आणि ते दुखण्याने नव्हतं.

"हे तर बालवाडीतलं आहे. याने मी चौऱ्याहत्तर किलोचा माणूस उचलणार आहे का?"

"उचलायला कोण सांगतंय तुम्हाला?" तो म्हणाला, आणि मग जरा विचार करून, "तो सिलिंडर कसा नेता, दाखवा ना."

किचनमध्ये रिकामा सिलिंडर होता. वाकायची सोय नव्हती म्हणून मी हाताने दाखवलं. वरची कडी धरायची, आपल्या अंगाकडे थोडा कलता घ्यायचा, खालच्या कडेवर तोल आला की गोल फिरवत फिरवत न्यायचा. लहान मुलीलाही जमतं.

"यात उचललात कुठे?"

एकोणतीस किलो मी आयुष्यात कधी उचलले नव्हते. जमिनीपासून वीतभरसुद्धा नाही. टाळ्या मात्र अकरा घेतल्या होत्या.

"काकांना पण असंच न्यायचं," प्रबुद्ध म्हणाला. "पलंगाच्या कडेला आणायचं, पाय जमिनीवर. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, ब्रेक लावून. तुमच्या गुडघ्याने त्यांचा उजवा गुडघा अडवायचा. त्यांना पुढे कलतं करायचं, तुमच्याकडे. वजन पायावर आलं की ते अर्धे आपोआप उठतात. मग फिरवायचं आणि बसवायचं. भाऊ त्यांना उचलायचा, म्हणून त्यांचा चांगला पायही आळशी झाला. तुमच्यात ताकद हवी ती धरून ठेवण्यापुरती, आणि पाय तुमचेही हवेत, त्यांचेही. जो खुर्चीचा व्यायाम तुम्हाला दिलाय तोच त्यांना देतोय. रोज एकाच वेळी करा, समोरासमोर."

लग्नानंतर आम्ही दोघांनी एकत्र केलेली ही पहिली गोष्ट असावी. हे ऑफिसला, मी घरी. हे पेपर वाचताना मी पोळ्या करायचे. फिरायला गेलो तरी हे चार पावलं पुढे. आता सकाळी अकराला हे चाकाच्या खुर्चीत आणि मी समोर दोन उशांवर. मी उठायची-बसायची. यांनी नुसतं पुढे कलायचं आणि डाव्या पायावर जोर देऊन बूड इंचभर उचलायचं. पहिल्या दिवशी यांच्याने इंचही झालं नाही. कपाळावर घाम आला आणि "बरं" असं म्हणाले, ते मी आजवर ऐकलेलं सगळ्यात रागीट बरं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी एक उशी काढली. त्या दिवशी रात्रभर यांना खोकला होता, झोप नव्हती, उठता-बसता मी मोजणंच विसरले. सहा झाले की सात, कळेना. बसून राहिले. म्हटलं, पुरे, कुणाला काय फरक पडतोय.

"सात," हे म्हणाले.

मी वर बघितलं. यांचा चेहरा माझ्याइतकाच चकित.

"काय म्हणालात?"

तोंड हललं, पण काही आलं नाही. "हो," म्हणाले. "हो, हो." डोळ्यांत पाणी आलं. मी उठले, तशी यांच्या तोंडून आलं, "आठ." बसले, उठले. "नऊ." मला दहा करायचे होते आणि पाय नाही म्हणत होते, पण सहा महिन्यांनी माणूस बोलत असताना मधे कशी थांबणार? दहा झाले. मी आणखी दोन केले, यांनी अकरा आणि बारा म्हणावं म्हणून. त्या दिवशी नेरळचा विचार एकदाही आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, ते वेगळं.

प्रबुद्धला फोन केला तर तो म्हणाला, होतं असं, घोकलेलं आधी येतं, अंक, वार, आरत्या. फार आशा धरू नका, पण मोजायला लावा. म्हणून मोजणं यांच्याकडे गेलं. यांचं काम त्यांनी ड्रॉइंग ऑफिससारखं केलं. अर्धवट उठले तर आकडा पुढे जायचा नाही. मी म्हणायची, "अहो, धरा ना तेवढा," तर डोळे मिटून बसायचे.

शर्मिष्ठाचं चॅलेंज संपलं तेव्हा ग्रुपवर अंगठे टाकणाऱ्या चौघीच उरल्या होत्या. मी ग्रुपवर लिहिलं, माझी लेव्हल बिगिनर आहे आणि सिलिंडर मी ढकलत नेते. संध्याकाळी श्वेताच्या सासूबाईंचा फोन आला. आवाज बारीक करून विचारत होत्या, "ते उशीवाले व्यायाम मला पाठवशील का गं?"

पलंगावरून खुर्चीत घ्यायचं प्रबुद्धसमोर चार वेळा जमलं. एकटीने केलं तेव्हा पहिल्यांदा आम्ही दोघं परत पलंगावरच बसलो, म्हणजे पडलो नाही, हीच प्रगती. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा ब्रेक लावायची विसरले आणि खुर्ची मागे गेली, कशीबशी सावरली. चौथ्यांदा जमलं. हे सगळं निहारला सांगितलं नव्हतं. काय सांगणार, चारातले दोन?

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तो आणि त्याची बायको स्वरदा आले. स्वरदाने यांच्यासाठी दोन नवे शर्ट आणले होते, पुढून बटणांचे, घालायला सोपे. तिने ते कपाटात न ठेवता पिशवीतच ठेवले. ती पिशवी कुठे जायची आहे हे मला कळलं, यांनाही कळलं.

"आई, उद्या त्यांना कळवायचंय," निहार म्हणाला.

"माहितीये. तिथे उभा राहा. हात लावू नकोस. पडलो तरी लावू नकोस."

"पडलात तर लावणार."

"बरं," हे पलंगावरून म्हणाले.

खुर्ची यांच्या डाव्या बाजूला आणली. ब्रेक लावले, दोन्ही, परत एकदा हात लावून बघितले. यांना कडेला आणलं, पाय जमिनीवर टेकवले, गुडघ्याला गुडघा लावला. यांची मान माझ्या खांद्यावर आली. साबणाचा आणि औषधाचा वास. प्रबुद्धने यांच्या कंबरेला बांधायला दिलेला पट्टा धरला. माझे पाय आदल्या दिवशीच्या जिन्याने दुखत होते, आणि मला माहीत होतं की आजही चारातले दोनच.

मी मोजायला तोंड उघडलं, पण कानाशी आवाज आला.

"एक," हे म्हणाले. "दोन." डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा घट्ट झाला, तो मला माझ्या पायात कळला. "तीन."

मी उचललं नाही. कलते झाले, वजन आलं, हे उठले. अर्धे नाही, चांगले उभे राहिले, माझ्यापेक्षा उंच. ऑगस्टपासून मी यांच्याकडे वर मान करून बघितलं नव्हतं. मग फिरवलं, पाऊल पाऊल, आणि खुर्चीत बसवलं. खुर्ची जागची हलली नाही.

निहार फ्रिजकडे गेला, माहितीपत्रक काढलं, चार घड्या घालून खिशात टाकलं आणि फोन करायला गॅलरीत गेला. काचेतून दिसत होतं, फोन कानाला लावायच्या आधी तो बराच वेळ शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता. स्वरदाने पिशवीतले शर्ट काढून कपाटात ठेवले. पुढच्या वर्षी काय होईल मला माहीत नाही. सेंटर कुठे पळून जात नाही, आणि माझंही वय कुठे थांबत नाही. आज मात्र जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यावी.

मी यांची खुर्ची ढकलत हॉलमध्ये आणली. समोर भिंतीला टेकवलेली डायनिंगची खुर्ची होती, उशी नसलेली. तिच्यात बसले आणि डोळे मिटले. वाटलं, आता इथून उठायचं नाही. स्वरदा म्हणाली, "आई, तुम्ही बसा, चहा मी करते."

"एक," हे म्हणाले.

स्वरदा दचकून वळली. "बाबांना काय हवंय?"

डोळे उघडले. हे माझ्याकडे बघत होते. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर, चेहरा ड्रॉइंग ऑफिसातला. घड्याळात अकरा वाजले होते.

"काही नको त्यांना," मी म्हटलं. "माझ्या दहा राहिल्यात आजच्या."

आणि उठले.